फिरत्या घरातील चूल : तंजावूरच्या वाटेवरील गॅसचे गणित

मराठी माणूस दक्षिणेच्या यात्रेस निघाला की त्याच्या सामानात देवपूजेच्या साहित्याइतकेच महत्त्व शिध्याला असते. पोहे, भाजणी, गोडा मसाला, चहाची पूड आणि साखर ही मंडळी रामेश्वराचे दर्शन घेऊन परत आल्याखेरीज थकत नाहीत. इडली-सांबाराविषयी कितीही आदर असला तरी चौथ्या दिवशी पिठले-भाताची आठवण होते, आणि पिठले-भाताची आठवण झाली की प्रश्न येतो तो चुलीचा. एके काळी हा प्रश्न तीन दगड आणि चार काटक्या यांवर सुटत असे. आज तो एल.पी.जी. सिलिंडरवर येऊन ठेपला आहे. गेल्या काही वर्षांत मोटरहोम किंवा कॅरॅव्हॅन या नावाने ओळखली जाणारी फिरती घरे आपल्याकडेही दिसू लागली आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण जाहीर केले, केरळनेही त्याच वर्षी तसेच पाऊल उचलले. या फिरत्या घरात निजण्याची, स्नानाची, बसण्याउठण्याची सोय नेटकी असते. परंतु त्यातील शेगडीचा गॅस संपल्यावर तो परगावी कोठून आणि कसा भरून घ्यावयाचा, याची चौकशी बहुतेक जण वाटेत गॅस संपल्यावरच करतात.

या विषयाचा विचार तंजावूरच्या संदर्भात करण्यास एक खास कारण आहे. वाटसरूच्या जेवणाची व्यवस्था ही राज्यकर्त्याची जबाबदारी आहे असे मानणारे मराठी राज्य या गावी नांदून गेले. व्यंकोजीराजांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले आणि त्यानंतर पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ भोसल्यांची गादी तेथे होती. रामेश्वराला जाणारा मोठा मार्ग याच मुलखातून जात असल्यामुळे या राजांनी वाटेवर ठिकठिकाणी छत्रे, म्हणजे स्थानिक भाषेतील छत्रम्, बांधली. तंजावूरपासून पट्टुकोट्टैच्या रस्त्याने सुमारे २५ कि.मी. गेले की ओरत्तनाडू हे गाव लागते. तेथील मुक्तांबाळ छत्र दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०२ मध्ये उभारले. कोरीव दगडी बांधणीची ही वास्तू पाहण्यास मोठ्या मंदिराला भेट देणाऱ्या मराठी प्रवाशांपैकी फारच थोडे जातात, ही खेदाची गोष्ट होय.

या छत्रांचा कारभार कसा चाले याचे वर्णन सरफोजीराजांनी १८०१ मध्ये तंजावूरच्या कंपनी रेसिडेंटला पाठविलेल्या पत्रात सापडते. येणारा प्रवासी कोणत्याही जातीचा वा पंथाचा असो, त्यास शिजविलेला भात मिळे. ज्यास शिजविलेले अन्न घ्यावयाचे नसेल त्यास तांदूळ आणि मसाल्याचे जिन्नस कोरडे मिळत. हे वाटप मध्यरात्रीपर्यंत चाले. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असल्यास त्याने यावे असा पुकारा होई. आजारी प्रवाशासाठी वैद्य असे, लहान मुलांना दूध मिळे. येथे लक्षात घेण्याजोगी बाब म्हणजे ‘शिजविलेले’ आणि ‘कोरडे’ असे दोन्ही पर्याय त्या व्यवस्थेत होते. स्वतःच्या हाताने रांधून खाण्याची प्रवाशाची इच्छा तिने गैर मानली नाही. पुढे १८२० ते १८२२ या काळात खुद्द सरफोजीराजे सुमारे ३,००० माणसांचा लवाजमा घेऊन काशीयात्रेस गेले आणि येताना हस्तलिखितांचा संग्रह वाढवून आले. एवढ्या मोठ्या तळाच्या रोजच्या भाताला सरपण किती लागले असेल, हा हिशेब कोणा अभ्यासकाने मांडावा असा आहे. सरफोजींच्या मुदपाकखान्यातील पाककृतींचे मराठी हस्तलिखित ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ या नावाने सरस्वती महाल ग्रंथालयाने प्रकाशित केले आहे. स्वयंपाकघराची नोंद ठेवणे हे या दरबारास कमीपणाचे वाटले नाही, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

सरपण ओले निघाले तर फार तर धूर होतो. गॅसचे तसे नाही. तंजावूरहून जेमतेम चार तासांच्या अंतरावर असलेल्या मदुरै येथे २६ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे जे घडले ते या दृष्टीने प्रत्येक यात्रेकरूने जाणून घ्यावे. लखनौहून १७ ऑगस्ट रोजी निघालेला, यात्रेकरूंनी खास आरक्षित केलेला एक डबा मदुरै स्थानकाच्या आवारात वेगळा काढून उभा करण्यात आला होता. प्रवाशांपैकी काहींनी नियमबाह्य रीतीने गॅस सिलिंडर सोबत आणला होता. सकाळच्या चहाची तयारी सुरू असताना आग लागली आणि नऊ जणांना प्राण गमवावे लागले. ही मंडळी बेफिकीर होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. घरी रोज ज्या विश्वासाने शेगडी पेटवितो त्याच विश्वासाने त्यांनी ती डब्यात पेटविली. घराचे स्वयंपाकघर आणि बंद डबा यांतील फरक त्यांच्या लक्षात आला नाही. रेल्वेतून सिलिंडर नेणे हा रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १६४ नुसार तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र असा गुन्हा आहे, हे सर्वांना ठाऊक असावयास हवे. मोटरहोमच्या मालकाला हे कलम लागू होत नाही, पण बंद डब्याचे भौतिकशास्त्र मात्र त्यालाही तितकेच लागू होते.

थोडे गणित

एल.पी.जी. म्हणजे प्रामुख्याने प्रोपेन व ब्युटेन या वायूंचे दाबाखाली द्रवरूप केलेले मिश्रण. द्रवाचा वायू झाला की त्याचे आकारमान सुमारे २५० पट होते. हा वायू हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असल्यामुळे गळती झाल्यास वर न जाता जमिनीलगत साचतो. हवेत त्याचे प्रमाण साधारणतः दोन टक्के झाले की ठिणगी पुरते. आता एखाद्या मध्यम आकाराच्या फिरत्या घराचा विचार करू. त्याच्या आतील पोकळी सुमारे १२ घनमीटर धरली तर तिचे दोन टक्के म्हणजे ०.२४ घनमीटर. एवढा वायू होण्यास द्रवरूप गॅस लागतो साधारण अर्धा किलो. म्हणजे ५ किलोच्या लहानशा सिलिंडरमधील दहावा हिस्सा जरी बंद गाडीत निसटून सर्वत्र मिसळला, तरी संपूर्ण गाडीची हवा स्फोटक होते. आणि वायू खाली साचत असल्यामुळे प्रत्यक्षात पायाजवळ ती अवस्था याहून किती तरी कमी गळतीत येते. दोनशे चौरस फुटांच्या, दोन खिडक्या असलेल्या स्वयंपाकघरात जी चूक पचून जाते ती गाडीत पचत नाही, याचे कारण हे आहे.

म्हणून चांगल्या बांधणीच्या मोटरहोममध्ये सिलिंडरचा कप्पा राहण्याच्या भागापासून पूर्णपणे बंद आणि बाहेरून उघडणारा असतो. त्याच्या तळाशी जाळीचे छिद्र असते, जेणेकरून गळलेला वायू रस्त्यावर निघून जावा. काही हौशी मंडळी हे छिद्र धूळ येते म्हणून फडक्याने बुजवितात. त्यांना आवरणे आवश्यक आहे! सिलिंडर नेहमी उभा आणि पट्ट्याने घट्ट बांधलेला हवा; आडवा ठेवल्यास वायूऐवजी द्रव नळीत शिरतो. गाडी चालू असताना सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद ठेवावा. रबरी नळी साधारणपणे पाच वर्षांनी बदलावी असे तेल कंपन्या घरगुती वापराबाबत सांगतात. सतत धक्के खाणाऱ्या वाहनात ती दर सहलीपूर्वी साबणाच्या पाण्याने तपासावी आणि जरा जरी भेग दिसली तरी वयाची वाट न पाहता टाकून द्यावी.

दुसरा धोका गळतीचा नसून ज्वलनाचा आहे. काचा बंद करून आत शेगडी पेटविली की प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला वास नसतो. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅरॅव्हॅनमध्ये दोघे मृतावस्थेत आढळले. तपासाअंती जनित्रातून निघालेला कार्बन मोनॉक्साइड आत शिरल्याचे निष्पन्न झाले. तेथे दोष जनित्राचा होता, शेगडीचा नव्हे. परंतु बंद गाडीतील शेगडीही तेच काम करू शकते. पावसाची सर आली तरी स्वयंपाक होईपर्यंत एक खिडकी आणि छताचा झरोका उघडा राहिलाच पाहिजे.

परदेशी पद्धत आणि आपली

युरोपात मोटरहोमला कायमस्वरूपी बसविलेली गॅसची टाकी असणे सामान्य आहे. गाडीच्या बाहेरील अंगास तिचे तोंड असते. पेट्रोल पंपावर ज्याप्रमाणे इंधन घेतात त्याप्रमाणे गॅसच्या पंपावर ही टाकी भरून घेता येते, आणि ती ८० टक्के भरताच आपोआप भरणे थांबविणारी झडप तीत असते. उरलेली २० टक्के जागा उन्हाने द्रव प्रसरण पावेल त्यासाठी राखीव. ही सोय उत्तम असली तरी तेथेही एक मौज आहे : पंपाच्या नळीचे तोंड देशोदेशी वेगळे. ब्रिटनचे एक, जर्मनीचे दुसरे, इटलीचे तिसरे, स्पेनचे चौथे. त्यामुळे तेथील प्रवासी हातमोज्यांच्या शेजारी पितळी जोडण्यांची एक पिशवीच बाळगतात. थंडीत शुद्ध प्रोपेनचा आग्रह धरावा लागतो, कारण ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होण्याचे नाकारतो. तंजावूरच्या हवेत ही चिंता नाही. लडाखला जाणाऱ्यांनी मात्र हे ध्यानात ठेवावे, कारण आपल्या सिलिंडरमधील मिश्रणात ब्युटेनचा वाटा मोठा असतो.

युरोपातून कार्ने या सीमाशुल्क-दस्तऐवजावर स्वतःची गाडी घेऊन भारतभर फिरणारे प्रवासी तंजावूरच्या मोठ्या मंदिरासमोर अधूनमधून दिसतात. त्यांच्यापुढे येथे जो पेच उभा राहतो तोच आयात केलेले किंवा परदेशी आराखड्यावर बांधून घेतलेले वाहन वापरणाऱ्या भारतीयापुढेही राहतो. आपल्या देशात ऑटो एल.पी.जी. पंप आहेत, २००० सालच्या कायदादुरुस्तीने वाहनाचे इंधन म्हणून त्या गॅसला मान्यताही मिळाली आहे. मग त्याच पंपावर शेगडीची टाकी का भरू नये? उत्तर असे की तो गॅस वाहनाच्या इंजिनासाठी, नोंदणी पुस्तिकेत नमूद असलेल्या मान्यताप्राप्त टाकीतच भरण्यासाठी आहे. स्वयंपाकाचा सुटा सिलिंडर तेथे भरून मिळत नाही आणि मिळाला तरी ते बेकायदेशीर आहे. भारतात कोणताही सिलिंडर भरावयाचा तर तो पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेच्या मान्यतेचा असावा लागतो आणि भरणारी जागाही परवानाप्राप्त असावी लागते. या संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे, ही बाब फारशी कोणाला ठाऊक नसते. परदेशी सिलिंडरवर ही मान्यता नसल्यामुळे तो येथील कोणताही वितरक भरून देऊ शकत नाही.

मग काही चतुर लोक ‘पलटी’चा मार्ग सुचवितात. म्हणजे भरलेला घरगुती सिलिंडर उंचावर उलटा टांगून, नळीने खालच्या लहान सिलिंडरमध्ये गॅस उतरविणे. बाजारात वजनावर गॅस भरून देणारी दुकाने करतात ते हेच. येथे ना ८० टक्क्यांची झडप, ना वजनाची खात्री, ना चाचणीची तारीख. काठोकाठ भरलेला सिलिंडर एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत ठेवला की द्रवाला प्रसरण पावण्यास जागाच उरत नाही आणि मग पत्र्याची ताकद हीच काय ती मर्यादा. हा प्रकार कायद्याने निषिद्ध आहे. तो परवडतो म्हणून समर्थन करणाऱ्यांनी आपल्या शेजारच्या आसनावर कोण बसले आहे याचाही विचार करावा.

परदेशी गाडीवाल्यास एक दिलासा मात्र आहे. आपला घरगुती रेग्युलेटर चौरस सेंटीमीटरला सुमारे ३० ग्रॅम दाबाने गॅस देतो आणि युरोपीय वाहनांतील आधुनिक शेगड्या ३० मिलिबारसाठी बनविलेल्या असतात. हे दोन्ही दाब जवळजवळ सारखेच. त्यामुळे भारतीय सिलिंडर, भारतीय रेग्युलेटर आणि त्यापुढे मूळची शेगडी अशी जोडणी जाणकार तंत्रज्ञाकडून करून घेतली की काम भागते. मूळ टाकी रिकामी ठेवून स्वस्थ बसू द्यावी.

लहान सिलिंडरचा मार्ग

घरचा १४.२ किलोचा सिलिंडर उचलून गाडीत ठेवणे हा सर्वांत सोपा वाटणारा, पण योग्य नसलेला उपाय. घरगुती जोडणी ही नोंदलेल्या पत्त्यावरील स्वयंपाकासाठी असते. तंजावूरचा वितरक पुण्याच्या ग्राहक क्रमांकावर सिलिंडर बदलून देणार नाही. जोडणी परगावी न्यावयाची तर ट्रान्सफर व्हाउचर लागते, आणि ते घर बदलणाऱ्यासाठी असते, सहलीला निघालेल्यासाठी नव्हे.

अशा प्रवाशांसाठी खरी सोय म्हणजे ५ किलोचा मुक्त विक्रीचा सिलिंडर. ही योजना ऑक्टोबर २०१३ मध्ये प्रथम निवडक शहरांतील पेट्रोल पंपांवर सुरू झाली. विद्यार्थी, बदलीवर आलेले नोकरदार, स्थलांतरित मजूर अशा, पत्त्याचा पुरावा देऊ न शकणाऱ्या लोकांचा विचार करून ती आखण्यात आली. केवळ ओळखपत्र दाखवावे, किंमत मोजावी आणि सिलिंडर न्यावा, एवढीच औपचारिकता. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये याला ‘छोटू’ असे नाव दिले. हिंदुस्थान पेट्रोलियमचा ‘अप्पू’ आणि भारत पेट्रोलियमचा ‘मिनी’ ही त्याचीच भावंडे. रिकामा सिलिंडर त्याच कंपनीच्या दुसऱ्या गावच्या वितरकाकडे अथवा विक्री करणाऱ्या पंपावर देऊन भरलेला घेता येतो. अनुदान नसल्यामुळे दर किलोमागे तो घरगुती गॅसपेक्षा महाग पडतो. ही तक्रार ऐकू येते खरी, परंतु सहलीच्या एकूण खर्चात हा फरक दोन फिल्टर कॉफीच्या पलीकडे जात नाही.

पाच किलो पुरतात किती? शेगडीची कार्यक्षमता मानकाप्रमाणे किमान ६८ टक्के धरली, तर एक लिटर पाणी उकळण्यास सुमारे १० ग्रॅम गॅस लागतो. चौघांच्या कुटुंबात १४.२ किलोचा सिलिंडर ३५ ते ४० दिवस चालतो, म्हणजे दिवसाला साधारण ३५० ते ४०० ग्रॅम. सहलीत सकाळचा चहा-नाश्ता, एक वेळचे जेवण आणि दुपारचा चहा एवढेच गाडीत होते, दुसरे जेवण बाहेर. तेव्हा दिवसाला २५० ग्रॅम धरावेत. पुणे ते तंजावूर हे अंतर बंगळूर, सेलम, तिरुचिरापल्ली या मार्गाने सुमारे १,२५० कि.मी. जाणे-येणे आणि मधले दर्शन धरून १२ ते १४ दिवसांचा प्रवास झाला, तरी गॅस लागतो साडेतीन किलोच्या आत. म्हणजे एकच सिलिंडर पुरून उरतो. अंदाज चुकू नये म्हणून निघताना भरलेला घ्यावा आणि मधे एकदा, परतीला लागताना, साध्या ताणकाट्यावर तोलून पाहावा. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्या कड्यावर कोरलेले असते, ते वजा केले की शिल्लक कळते. काटा नसेल तर ओल्या फडक्याने सिलिंडर पुसावा. द्रवाची पातळी असेल तेथपर्यंतचा भाग थंड राहून उशिरा सुकतो, वरचा लगेच सुकतो. आपल्या आजीबाईंना हे भौतिकशास्त्र न शिकताही ठाऊक होते.

सिलिंडर घेताना वरच्या कड्याच्या पट्टीवर आतील बाजूस ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि दोन आकडे रंगविलेले असतात. वर्षाच्या चार तिमाहींची ही चार अक्षरे असून, पुढील आकडे चाचणी कोणत्या वर्षी देय आहे ते सांगतात. ती तिमाही उलटून गेली असल्यास सिलिंडर परत करावा. वितरकाने बदलून देणे बंधनकारक आहे. गर्दीच्या पंपावर हे पाहण्यास संकोच वाटू देऊ नये.

चाळीस माणसांची यात्रा घेऊन जाणाऱ्या, स्वतःचे आचारी बाळगणाऱ्या मंडळींचे गणित अर्थातच निराळे. वरच्याच हिशेबाने त्यांना दिवसाला चार किलोच्या आसपास गॅस लागतो, म्हणजे १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर पाच दिवसांत संपतो. व्यवसायासाठी घरगुती सिलिंडर वापरणे गुन्हा आहे, तेव्हा निळा व्यावसायिक सिलिंडरच हवा. तो प्रवाशांच्या बसच्या पोटात न ठेवता स्वयंपाकाच्या स्वतंत्र टेम्पोत ठेवणाऱ्या यात्रा कंपनीस ग्राहकाने दोन पैसे अधिक द्यावेत. सहलीची पत्रके चाळताना जेवणाच्या पदार्थांची यादी सगळे वाचतात. चूल कोठे असते, हे विचारणारा क्वचितच भेटतो.

तंजावूरला पोहोचल्यावर

बृहदीश्वर मंदिर हे संरक्षित स्मारक आहे. १९८७ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या या वास्तूच्या आवारात, परवानगी दिलेल्या जागेखेरीज अन्न शिजविण्यास व खाण्यासही प्राचीन स्मारकविषयक नियमांनी बंदी आहे. मराठी प्रवाशाने तेथे स्टोव्ह न काढता नैऋत्येकडील भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख पाहावा. समोरच्या वाहनतळावरही शेजारी उभ्या बसगाड्या, उन्हाने तापलेला डांबरी रस्ता आणि बिडी ओढणारे चालक यांच्या मधोमध शेगडी पेटविणे शहाणपणाचे नाही. मुक्कामाच्या हॉटेलच्या आवारात, व्यवस्थापकास विचारून, मोकळ्या कोपऱ्यात गाडी लावावी. एप्रिल-मे महिन्यांत येथील पारा ३८ अंशांच्या पुढे जातो. बंद गाडीत तो याहून किती तरी चढतो, तेव्हा सिलिंडरचा कप्पा सावलीच्या बाजूस येईल अशा बेताने गाडी उभी करावी.

गॅस वितरक रविवारी आणि सणाला बंद असतात. महाराष्ट्रातून दक्षिणेत जाणाऱ्यांचा हंगाम डिसेंबर-जानेवारीचा आणि तामिळनाडूचा सर्वांत मोठा सण पोंगल नेमका जानेवारीच्या मध्यास येतो. तेथे हा उत्सव तीन-चार दिवस चालतो. त्या दिवसांत सिलिंडर बदलण्याची वेळ येणार असेल तर ते काम आधीच, तिरुचिरापल्लीसारख्या मोठ्या शहरात उरकून घ्यावे. गळतीच्या प्रसंगी १९०६ हा आणीबाणीचा दूरध्वनी क्रमांक देशभर अहोरात्र चालू असतो.

विमा : न वाचलेला कागद

बँकेच्या ग्राहकास परिचित अशा एका मुद्द्याकडे वळू. तेल कंपन्यांनी नोंदणीकृत ग्राहकांसाठी घेतलेल्या सामूहिक विम्यात गॅसमुळे झालेल्या अपघातात मृत्यू आल्यास प्रतिव्यक्ती ६ लाख रुपये, वैद्यकीय खर्चासाठी प्रतिव्यक्ती २ लाखांपर्यंत व एका घटनेस एकूण ३० लाखांपर्यंत अशी तरतूद आहे. यासाठी ग्राहकाला वेगळा हप्ता भरावा लागत नाही. मालमत्तेच्या हानीसाठीही २ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते नोंदणीकृत पत्त्यावरील मालमत्तेपुरते. घरचा सिलिंडर गाडीत नेला आणि गाडी जळाली, तर हा आधार तेथे उपयोगी पडत नाही. दुसरीकडे, वाहनाच्या विम्यात आतील शेगडी, शीतकपाट, पलंग ही मूळ उत्पादकाने न बसविलेली सामग्री स्वतंत्रपणे नोंदवून तिचे मूल्य जाहीर करावे लागते. गाडीच्या अंतर्भागात बदल केला असेल तर तो परिवहन कार्यालयाकडून नोंदणी पुस्तिकेत चढवून घ्यावा लागतो. हे झाले नसेल तर दाव्याच्या वेळी विमा कंपनी प्रथम तेच विचारते. वाहन कर्जावर घेतलेले असल्यास बँकेचे नावही पॉलिसीत असते, त्यामुळे या तपशिलात बँकेलाही तितकाच रस आहे. फिरत्या घरासाठी कर्जाचा अर्ज करणाऱ्यांनी किमतीच्या अंदाजपत्रकासोबत गॅसच्या कप्प्याचा आराखडा आणि बांधणी करणाऱ्याचे मान्यतापत्रही जोडावे. पुढे विमा उतरविताना तीच कागदपत्रे पुन्हा लागतात.

ज्यांना हा सगळाच खटाटोप नको त्यांच्यासाठी विजेच्या इंडक्शन शेगडीचा मार्ग आहे. हॉटेलच्या आवारात जोडणी मिळाली की दोन किलोवॅटच्या शेगडीवर चौघांचा भात-आमटी निर्वेध होते, आणि गाडीत ज्वालाग्राही काहीही राहत नाही. अडचण येते ती रस्त्यात. बॅटरीवर अशी शेगडी फार वेळ चालत नाही आणि जनित्र लावले की धुराचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. म्हणून अनेक अनुभवी प्रवासी दोन्ही ठेवतात : मुक्कामी वीज, वाटेत छोटा सिलिंडर.

आणि कधी चूल न पेटविण्याचाही पर्याय आहेच. ओरत्तनाडूची पंगत आता राहिलेली नसली तरी तंजावूरमध्ये दुपारी केळीच्या पानावरचे जेवण पोटभर मिळते. रसम्-भाताच्या शेवटी ताकाची वाटी समोर आली की पिठल्याची आठवणही जरा उशिरा येते.